सरावाचा क्रम आणि कारक कौशल्यांचे अध्ययन : एक चिकित्सा

एक कृती पक्की होईपर्यंत घोटावी आणि मगच दुसरी हाती घ्यावी, हे शारीरिक शिक्षणातील रूढ गृहीत होय. १९७९ मध्ये जॉन शे व रॉबिन मॉर्गन यांच्या प्रयोगाने त्यास धक्का दिला. पुढे मात्र या प्रयोगाचे सार ‘मिश्र सराव श्रेष्ठ’ एवढ्या सूत्रात बंदिस्त झाले. हे सूत्र मूळ पुराव्याहून अधिक सांगते, असे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रयोगातील कृती साधी होती. संकेत-दिवा लागताच टेनिसचा चेंडू हाती घेऊन लहान लाकडी अडथळे ठरावीक क्रमाने, शक्य तितक्या वेगाने पाडावयाचे. असे तीन क्रम, प्रत्येकी १८ प्रयत्न. एका गटाने एकेक क्रम पूर्ण करून पुढचा घेतला, दुसऱ्याने तिन्हींची सरमिसळ केली. सरावात पहिला गट सरस ठरला. दहा मिनिटांनी व दहा दिवसांनी घेतलेल्या चाचण्यांत मात्र दुसऱ्याने आघाडी घेतली. एक तपशील येथे सहसा सुटतो. चाचणी सरमिसळ क्रमाने घेतली तेव्हा पहिला गट फारच मागे पडला. ती एकेका कृतीनुसार घेतली तेव्हा अंतर अल्प राहिले. अर्थात, निकाल केवळ सरावाच्या क्रमाचा नसून चाचणीच्या क्रमाचाही होता. बॅडमिंटनमध्ये पुढची सर्व्हिस आखूड की लांब, हे प्रत्येक वेळी नव्याने ठरवावे लागते. गोळाफेकीत तसे नसते. दोहोंना एकच सूत्र लावणे उचित नव्हे.

१९८३ मध्ये ली व मॅगिल यांनी मांडलेली उपपत्ती अधिक पटते. कृती बदलली की आधीच्या कृतीचा आराखडा मनातून निसटतो, तो पुन्हा रचावा लागतो आणि ही पुनर्रचनाच अध्ययन घडविते. त्यांच्या प्रयोगात ठरलेल्या आवर्तनाने केलेला सरावही यादृच्छिक सरावाइतकाच उपयुक्त ठरला. म्हणजे महत्त्व अनपेक्षिततेला नाही, सलग पुनरावृत्ती मोडण्याला आहे. (शिक्षकाने मैदानावर चिठ्ठ्या टाकण्याचे कारण नाही!)

क्रम आणि वैविध्य यांची गल्लतही टाळावयास हवी. १९७८ मध्ये कर व बूथ यांनी आठ वर्षांच्या मुलांना वाळूपिशवीसारखी लहान पिशवी लक्ष्यावर फेकावयास दिली. दोन व चार फुटांवरून सराव केलेली मुले तीन फुटांच्या चाचणीत, तीन फुटांवरूनच सराव केलेल्या मुलांहून सरस ठरली. हा एकाच कृतीतील अंतराच्या फरकाचा लाभ होय. भिन्न कृतींच्या क्रमाचा नव्हे.

मैदानावरील पुरावा दुबळा आहे. ब्रॅडी यांच्या २००४ च्या संकलित विश्लेषणात प्रयोगशाळेतील परिणामाचा आकार ०.५७, तर प्रत्यक्ष क्रीडाकौशल्यांत अवघा ०.१९ आढळला. नवशिक्याला मूळ हालचालच साधलेली नसताना वारंवार बदल लादल्यास पुनर्रचना कशाची करावयाची, हा प्रश्न उरतोच.

तरीही या संशोधनाचा एक निष्कर्ष मूल्यमापनास थेट भिडतो. सराव संपताच, सरावाच्याच क्रमाने चाचणी घेऊन गुण दिले, तर ते तात्कालिक कामगिरीचे ठरतात. धारणा व अध्ययन-संक्रमण अस्पर्शित राहते. अध्ययनार्थ्याची स्वतःची साक्षही येथे कामी येत नाही. सायमन व ब्यॉर्क यांच्या २००१ च्या प्रयोगात एकेक कृती सलग घोटणाऱ्यांनी दुसऱ्या दिवशीच्या कामगिरीविषयी अधिक आशावादी अंदाज बांधला. प्रत्यक्षात सरमिसळ सराव करणारे त्यांच्यापुढे गेले.