'पाचक' या संज्ञेविषयी

दुग्धशर्करा न पचणाऱ्यांसाठी मिळणाऱ्या लॅक्टेजच्या गोळीस 'पाचक' म्हणणे आम्हांस सदोष वाटते. पारशिवनीसारख्या गावी पाचक म्हणजे जेवणानंतर घ्यावयाचे चूर्ण, नाहीतर आले-लिंबाचा रस. ही गोळी मात्र दुधाच्या पहिल्या घोटाबरोबरच घ्यावयास हवी. तिच्यातील एंझाइम त्या वेळच्याच दुग्धशर्करेचे ग्लुकोज व गॅलॅक्टोज असे विघटन करते. संज्ञेवर विसंबून ती मागाहून घेतली, तर पोट फुगते आणि बोल गोळीला लागतो. 'दुधासोबतची गोळी' का म्हणू नये?

'असहिष्णुता' या संज्ञेत तर दोष माणसाकडेच जातो. 'मला दूध बाधते' या वाक्यात कर्ता दूध आहे, हे अधिक यथार्थ. शिवाय तोच मनुष्य 'ताक बाधत नाही' असेही म्हणतो, आणि ते बहुधा खरे असते. विरजणातील जिवाणूंनी काही शर्करा आधीच आंबविलेली असते.