सुट्टी कुणाची?

मराठी बालवाङ्मयातला उन्हाळा ठरीव आहे. परीक्षा संपते, गाडी सुटते, मामाचे गाव येते. मग वाडा, आंब्यांची अढी, विहिरीतले पोहणे. ही विहीर कुणाची, हा प्रश्न या वाङ्मयाला पडला नाही. ज्यांच्या बापजाद्यांना त्या विहिरीच्या काठाला शिवता आले नाही, त्यांच्या लेकरांनीही हाच उन्हाळा आपला म्हणून वाचला. एका वर्गाचा अनुभव असा सर्वांची 'सुट्टी' झाला, आणि शिक्षणखात्याने तो निमूटपणे स्वीकारला.

यवतमाळ जिल्ह्यात या शब्दाचा अर्थ तपासावा. उन्हाच्या तडाख्यामुळे विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. याच दिवसांत कोलामांच्या पोडांवर तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. पहाटे रान गाठायचे, ऊन चढण्यापूर्वी परतायचे, मग घरातल्या सर्वांनी बसून पुडे बांधायचे. सात वर्षांच्या पोराचे हातही त्यात लागतात. याला सुट्टी कसे म्हणावे?

२०२२ साली महाराष्ट्रात 'पहिले पाऊल' हे शाळापूर्व तयारी अभियान झाले. पहिलीत येणाऱ्या मुलांचा मेळावा, मग उन्हाळाभर गावोगावी मातांचे गट, शाळा उघडताना पुन्हा मेळावा. न शिकलेल्या आईलाही शिकवण्याचा मान देणारी ही कल्पना मोलाची आहे, हे मान्य केलेच पाहिजे. पण तिने गृहीत धरलेली आई बालगीतातलीच आहे: घरी असणारी, सवड असणारी. पोडावरची, तांड्यावरची, पारधी बेड्यावरची आई त्या वेळी मजुरीवर असते.

अमेरिकेतल्या पाच शहरांत २०१३ च्या उन्हाळ्यात गरीब मुलांच्या शिबिरांची मोठी पाहणी सुरू झाली. तिथे बस फुकट होती, जेवण फुकट होते. तरीही टिकाऊ लाभ दिसला तो वीस किंवा अधिक दिवस हजर राहिलेल्या मुलांत. म्हणजे शिबिराचे यश हजेरीवर आणि हजेरी पोटावर अवलंबून. आपल्याकडे दुष्काळग्रस्त भागात उन्हाळी सुट्टीतही माध्यान्ह भोजन द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००४ मध्ये दिला. भुकेला मात्र दुष्काळ जाहीर होण्याची वाट पाहता येत नाही.

हे कळायला अमेरिकेपर्यंत जाण्याचीही गरज नव्हती. शेतकऱ्यांची मुले गुरांमागे आणि शेतावर लागतात, म्हणून त्यांना शिष्यवृत्त्या व बक्षिसे द्या, असे जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगाला लिहून दिले होते. पुढे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुराख्यांच्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. तिथे शाळाच मुलांमागे रानात गेली.

म्हणून मागणी साधी आहे. उन्हाळी वर्ग पोडावर भरावा, उन्हे कलल्यावर भरावा. रोज जेवण असावे. शिकवायला कोलामी बोलणारा तिथलाच शिकलेला तरुण घ्यावा आणि त्याला सेवाभावाच्या नावाखाली न राबवता मानधन द्यावे. आणि गणित पुड्यांच्या मोजणीतूनच सुरू करावे. मामाच्या वाड्यातले आंबे मोजून या पोरांचे काही साधणार नाही. आपले पुडे त्यांना बिनचूक मोजता आले, तर ठेकेदाराच्या मुनशीने वहीत किती कमी लिहिले, हे विचारणारे माणूस त्या पोडावर तयार होईल.