पाटीवरचं ‘डॉ.’

झरीतून परभणीला जाताना दवाखान्यांच्या पाट्या बघा. ‘डॉ.’ ठळक, पदवी बारीक. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं फिजिओथेरपिस्टनं नावाआधी ‘डॉ.’ लावू नये असं पत्र काढलं, आणि दुसऱ्याच दिवशी मागं घेतलं. घ्या!

आमची टीका त्या पत्रावर नाही, भांडण दोन अक्षरांवरच अडलंय यावर आहे. २०१३ ची राष्ट्रीय कौशल्य पात्रता चौकट शिक्षणाला स्तर देते. उपाधी कुणाची, हे ती ठरवत नाही. मुंबईत एका होमिओपॅथनं तापाच्या रुग्णाला ॲलोपॅथीची औषधं दिली, रुग्ण दगावला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निष्काळजीपणाच ठरवला, तीन लाखांची भरपाई द्यायला लावली. पुढं २०१४ मध्ये महाराष्ट्रानंच कायदा बदलला: होमिओपॅथनं वर्षभराचा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम केला, की ॲलोपॅथीची मुभा. तो बदल बरा की वाईट, हा वाद मोठाय. पण अभ्यासक्रम केलेला कोण, न केलेला कोण? पाटीवर दोघंही ‘डॉ.’च.

रात्री तापलेलं लेकरू घेऊन निघालेल्या माउलीनं कायदा शोधत बसायचं का? पदवी, नोंदणी कुठल्या परिषदेकडं, औषधं कोणती द्यायची मुभा, हे ‘डॉ.’एवढ्याच ठळक अक्षरात, मराठीत लिहायला लावा. मग ‘डॉ.’ कुणीही लावेना का.