कुतूहलाचे गद्य

नियतकालिकांचा विचार आपल्या समीक्षेने बहुधा कथा-कवितेचे वाहन म्हणूनच केला आहे. ‘सत्यकथा’ हा आपल्या वाङ्मयीन चर्चेचा नित्याचा विषय. परंतु १९२८ साली सुरू झालेल्या ‘सृष्टिज्ञान’ची दखल त्याच गांभीर्याने घ्यावी, असे आपणांस वाटले नाही. हा दोष इतरांचाच नव्हे, माझाही आहे.

त्याची जाणीव अगदी आडवाटेने झाली. जयनगरच्या चौथ्या ब्लॉकात जुन्या पुस्तकांच्या एका दुकानातून ‘नॅशनल जिऑग्राफिक’चे काही अंक घरी आणले. तरुणपणी या मासिकातील चित्रे तेवढी पाहिली होती. मजकूर म्हणजे चित्रांभोवतीचे अस्तर, अशी माझी समजूत होती. यावेळी मात्र आरंभापासून शेवटपर्यंत वाचले, आणि बऱ्याच वर्षांनी वाचनातला निर्भेळ आनंद अनुभवला. तो माहितीचा नव्हता. माहिती कोशातही मिळते. येथे लेखक स्वतः जागेवर गेलेला असतो, चुकतो, वाट पाहतो, आणि वाचकाला आपल्या अज्ञानात सहभागी करून घेतो. अद्भुत रसाचा स्थायिभाव विस्मय मानला गेला आहे. पण त्या विस्मयाला वस्तुनिष्ठ गद्यातही आश्रय मिळू शकतो, हे आपल्या रसचर्चेने फारसे लक्षात घेतलेले नाही.

अर्थात हा आनंद निरागस नाही. १९०५च्या जानेवारी अंकात अकरा पाने रिकामी राहत होती, म्हणून संपादक गिल्बर्ट ग्रोव्हनर यांनी रशियाकडून आलेली ल्हासाची छायाचित्रे त्यांत छापली. नोकरी जाईल अशी त्यांना धास्ती होती. वाचकांनी उलट अभिनंदन केले आणि मासिकाचे रूपच पालटले. याच ल्हासाला १८६६ साली कुमाऊंचे नैनसिंग रावत वेषांतर करून पोहोचले होते. दोन हजार पावलांचा एक मैल. शंभर पावले झाली की जपमाळेचा एक मणी सरकवायचा, आणि माळेत एकशे आठऐवजी शंभरच मणी. नोंदी प्रार्थनाचक्रात दडवलेल्या. पाण्याच्या उत्कलनबिंदूवरून त्यांनी शहराची उंचीही काढली. ज्ञान मिळवण्याची ही क्रिया मला त्या अकरा पानांहून अधिक रोमहर्षक वाटते. तथापि ही मोजणी ब्रिटिश सर्वेक्षणासाठी होती, हेही विसरता येत नाही. पाहणारा कोण आणि पाहिला जाणारा कोण, हा प्रश्न अशा लेखनाला चिकटलेलाच असतो. २०१८च्या एप्रिल अंकात या मासिकाने आपल्या जुन्या पानांतील वंशवादाची जाहीर कबुली दिली. ती उशिरा आली, पण तिच्यामुळे जुने अंक टाकाऊ ठरत नाहीत. ते अधिक सावधपणे वाचावे लागतात, इतकेच.

मराठीचे काय? १८४०च्या ‘दिग्दर्शन’मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी भूगोल आणि पदार्थविज्ञान यांना हक्काची जागा दिली होती. पुढे ज्ञान आणि लालित्य यांच्या वाटा फुटल्या. १९७४ साली जयंत नारळीकरांनी टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत कथा पाठवली, आणि विज्ञानकथेची चर्चा वाढली. ती योग्यच होती. परंतु विज्ञानाने कथेचा वेष घेतल्यावरच आपण दार उघडले, हे मला खटकते. आपला विज्ञानलेख बहुधा उत्तरापासून सुरू होतो. शिक्षकाच्या आवाजात बोलतो. प्रश्न पडण्याचा क्षण तो वाचकापासून लपवतो. दुर्गाबाई भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’ला तो क्षण गवसला होता, पण त्याला आपण ‘ललित’ म्हणून वेगळ्या कप्प्यात ठेवले.

माझ्या घरापासून लालबाग फार दूर नाही. तेथील खडकावर केंपेगौडांचा मनोरा आहे, आणि पायाखालचा पट्टिताश्म सुमारे तीन अब्ज वर्षांचा. इतकी वर्षे मी त्यावर फिरायला जात होतो तो मनोऱ्यासाठी. परवा प्रथमच वाकून दगडातले काळे-पांढरे पट्टे पाहिले. शेजारून चालणाऱ्या एका गृहस्थांनी काही हरवले आहे का, असे कन्नडमध्ये विचारले.