संस्थानी राजवट, यंत्र आणि दोन कादंबऱ्या

म्हैसूर जिल्ह्यातील बेट्टदपुर या नावाचा अर्थ ‘डोंगराचे गाव’ एवढाच. त्या डोंगराच्या माथ्यावर सिडिलु मल्लिकार्जुनाचे देऊळ आहे. ‘सिडिलु’ म्हणजे आभाळातून कोसळणारी वीज. ती या देवाला भेटून जाते, अशी परिसराची श्रद्धा. कन्नडने आभाळातल्या आणि तारेतल्या विजेला निराळे शब्द ठेवले. मराठीने दोहोंचे काम एकाच शब्दावर भागवले. १९०२ मध्ये, कृष्णराज वडियार (चौथे) यांनी राज्यकारभार हाती घेतला त्याच वर्षी, शिवनसमुद्रच्या धबधब्यावर निर्माण झालेली वीज सुमारे दीडशे किलोमीटर दूरच्या कोलार सुवर्णखाणींना पोचली. राजवटीच्या इतिहासात ही नोंद ठळकपणे येते, आणि ती यावीच. परंतु खेड्यापाड्यांतला दिवा त्यानंतर कितीतरी वर्षे तेलावरच जळत होता. राजवटीचे कालमापन आणि गावाचे कालमापन यांतील हे अंतर इतिहासग्रंथांपेक्षा कादंबरीने अधिक नेमकेपणाने टिपले आहे.

कुवेंपु यांची ‘मलेगळल्लि मदुमगळु’ (१९६७) ही कादंबरी याच संस्थानच्या मलेनाडू भागात, १८९३च्या सुमारास घडते. चामराजेंद्र वडियार यांची ती कारकीर्द. म्हैसूर-बंगळूर लोहमार्ग तेव्हा सुरू झालेला होता. कादंबरीतील माणसे मात्र जंगलवाटा पायीच तुडवतात. राजा त्यांना दिसत नाही. दिसते ती पाद्र्याची बायसिकल. गावकऱ्यांच्या तोंडी तिचे ‘बीसेकल्लु’ होते. हा कन्नडमधला जात्याला रूढ असलेला शब्द. हा केवळ विनोद नव्हे. फिरणारी गोल वस्तू एकच माहीत असलेल्या भाषेने नव्या यंत्राला आपल्या घरात दिलेली ती जागा आहे. मात्र सायकलीवर बसू पाहतो तो देवय्य हा गौडांच्या घरातला, ख्रिस्ती धर्माकडे ओढला गेलेला तरुण. वेठीचे जिणे जगणारा गुत्ती कुत्र्याला घेऊन चालतच राहतो. यंत्र गावात येते ते जात, धर्म आणि मालकी यांच्या जुन्या वाटांनीच, हे कुवेंपु कोठेही न सांगता दाखवतात.

या पार्श्वभूमीवर व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) पुन्हा वाचावीशी वाटते. तिचा मुलूख औंध संस्थानचा, आणि राजा व्यायामाचा पुरस्कर्ता. भवानराव पंतप्रतिनिधींचा आठव न येता हे चित्र वाचणे मराठी वाचकाला अवघड आहे. येथे राजा गावात येतो, तालमीचे उद्घाटन करतो. कुवेंपुंच्या कादंबरीत राजा नाही पण यंत्र आहे. येथे राजा आहे, आणि यंत्राला जवळजवळ स्थानच नाही.

वस्तुतः याच संस्थानात, याच राजाच्या आश्रयाने, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. त्यांच्या लोखंडी नांगराने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची प्रारंभी समजूत होती. पुढे नांगर खपला. एवढेच नव्हे, तर त्या कारखान्याच्या आवारातून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघाले, आणि मराठी मध्यमवर्गाच्या वाचनाचे एक दालन नांगराच्या ओतशाळेशेजारी उघडले. (आपल्या वाङ्मयेतिहासांत मासिकाचा गौरव होतो, नांगर मात्र उद्योगपतींच्या चरित्रांकडे सोपवला जातो.) त्याच संस्थानच्या बनगरवाडीत शेकूपाशी दुसरा बैल नाही, म्हणून त्याची बायको बैलाच्या जोडीला औताला खांदा देते.

हा प्रसंग ग्रामीण स्त्रीच्या कष्टाळूपणाचे किंवा दारिद्र्याच्या सनातनतेचे उदाहरण म्हणून उद्धृत करण्याची आपल्या समीक्षेला सवय आहे. ‘बनगरवाडी’ला कालातीत ठरवण्याचा मोह याच सवयीतून येतो. किर्लोस्करवाडी डोळ्यांपुढे ठेवली की दृश्य बदलते. ती बाई यंत्रपूर्व काळात राहत नाही. यंत्र तिच्याच राजाच्या राज्यात तयार होते आहे, फक्त तिच्या बांधापर्यंत ते आलेले नाही. लोखंडी नांगर दारी आला असता तरी तो ओढायला बैल लागलेच असते, हेही खरे. म्हणून येथे उणीव अवजाराची नाही, बैलाची आहे. आणि सुधारणेचे लाभ पदरात पडण्यासाठी आधी काय असावे लागते, याचा हिशेब त्या एका प्रसंगात आहे. माडगूळकरांनी यंत्र वगळले हा दोष मानण्याचे कारण नाही. निवेदक मास्तरला जे दिसू शकत होते तेवढेच त्यांनी लिहिले, आणि त्यांच्या संयमित गद्याचे बळ त्यातच आहे.

तथापि एक आक्षेप उरतो. कुवेंपुंच्या कथनात सायकलीभोवती जमलेल्या प्रत्येकाची जागा, कोण किती अंतरावर उभा आहे हे, आपल्याला कळते. ‘बनगरवाडी’तील राजभेटीचा प्रसंग मात्र कौतुकाच्या उबेत थोडा सैलावतो. मास्तरच्या मनात राजाविषयी जो आदर आहे, त्यापासून लेखकही येथे पुरेसा दूर राहत नाही. गाव राजाला तालीम दाखवते. शेकूच्या औताचा विषय त्याच्यापुढे निघत नाही.