चिकट कंदिलाचं रसग्रहण

मराठीत समीक्षेला तोटा नाही. कवितासंग्रहाची समीक्षा होते, नाटकाची होते, नाटकाच्या समीक्षेचीही होते. मात्र किसणीवर, गाळणीवर किंवा चिमट्यावर कुणी चार बऱ्यावाईट ओळी लिहिल्याचं माझ्या पाहण्यात नाही. वास्तविक मध्यमवर्गीय माणसाला कवितासंग्रह बहुधा भेट मिळतो, आणि किसणी त्याला पदरचे पैसे मोजून आणावी लागते. मग टीका करायचा हक्क जास्त कुठे? मी बी.कॉम. असल्यामुळे पदरचे पैसे गेले की मला विचार सुचतात. यंदा आठशे नव्याण्णव गेले, म्हणून हा लेख.

समीक्षेचा विषय आहे एक छोटा, चार्जिंगचा, लोहचुंबकाचा कंदील. उंचीला फुलपात्राएवढा, वजनाला एका अर्ध्या लिंबाच्या लोणच्याच्या बरणीइतकाही नाही. वर अडकवायला आकडा, बुडाला चुंबक, मध्ये दुधी काच म्हणवून घेणारं प्लास्टिक आणि पोटाशी एकुलतं एक बटण. पेटीवर दाढीवाला तरुण हिमालयातल्या तळ्याकाठी तंबू ठोकून बसलेला दाखवला आहे. त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान आहे ते वसई रोड स्टेशनात संध्याकाळी उतरणाऱ्या एकाही माणसाच्या चेहऱ्यावर मी पाहिलेलं नाही. तेव्हा वस्तू आपल्यासाठी बनवलेली नाही, हे पेटीवरच स्पष्ट होतं. तरीही मी ती घेतली. कारण पुढे येईलच.

आधी वस्तूच्या घराण्याविषयी. कंदिलातला पांढरा उजेड मुळात निळा असतो. त्यावर पिवळ्या फॉस्फरचा मुलामा चढवून तो पांढरा करतात. मुलामा कंजूषपणे चढवला की उजेड दवाखान्यातल्यासारखा निळसर पडतो आणि जेवणातली आमटी संशयास्पद दिसू लागते. हा निळा दिवा बनवणं इतकं अवघड होतं की, त्यासाठी इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ सालचं पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं. पोटात जो लिथियम-आयन सेल आहे त्या जातीसाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांतल्या गुडइनफसाहेबांचं वय तेव्हा सत्त्याण्णव होतं. म्हणजे आठशे नव्याण्णव रुपयांत दोन नोबेल पारितोषिकं आणि वर एक आकडा. व्यवहार तोट्याचा नाही.

आता हिशेब. पेटीवर छापलं आहे : ‘बारा तास उजेड’. सेल २६०० मिलिअँपिअर-तासांचा, ३.७ व्होल्टचा. दोहोंचा गुणाकार केला की साधारण साडेनऊ वॉट-तास येतात. घरातला नऊ वॉटचा एलईडी बल्ब एवढ्या शिदोरीवर जेमतेम एक तास जळेल. मग पूर्ण उजेडात बारा तास कुठून आणणार? एवढी उधळपट्टी करून शिल्लक टिकवणारा खातेदार मी वीस वर्षांच्या नोकरीत पाहिलेला नाही.

यातली मेख चिरंजीवांनी शोधून सांगितली. बॅटऱ्या-कंदिलांसाठी एएनएसआय एफएल-१ नावाचं एक अमेरिकन मानक आहे. त्यात उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर उतरेपर्यंत दिवा ‘चालू’ समजतात. हे वाचून मला भरून आलं. खात्यात शंभर रुपये होते, आता दहा उरले, तरी खातं समाधानकारक चाललं आहे, असा शेरा मी मारला असता तर इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबांनी मला कुठे धाडलं असतं ते सांगायला नको.

एका रविवारी मी कंदील पूर्ण भरून, खोलीचे पडदे ओढून, वर्तमानपत्र घेऊन बसलो. पहिले अडीच तास अग्रलेख सहज वाचता येत होता. म्हणजे कंदिलाकडून अडचण नव्हती. तीन तासांनी अग्रलेख गेला. साडेचारला बातम्या गेल्या. सहाव्या तासाला फक्त मथळे उरले, आणि बहुसंख्य वाचक तेवढंच वाचत असल्यामुळे कंपनीचा दावा अगदीच खोटा म्हणवत नाही. त्यानंतर एक अंधूक ठिपका पुष्कळ वेळ राहिला. तो मोजायचा असेल तर बारा तास होतील.

खर्च म्हणाल तर नगण्य. एका युनिटात हजार वॉट-तास. घट-तूट धरूनही एका युनिटात हा कंदील सत्तर-ऐंशी वेळा भरता येईल. झिरोचा म्हणून मिळणारा जुना बल्ब बारा-पंधरा वॉट खात असे आणि तरीही ‘झिरो’ म्हणवून घेत असे. त्या मानाने हा प्रामाणिक.

चुंबकाविषयी सविस्तर लिहायला हवं, कारण पेटीवर सगळ्यात मोठं अक्षर त्याचं आहे : ‘कुठेही चिकटतो’. ब्लॉकमध्ये राहणाऱ्या माणसाने एकदा घरभर फिरून लोखंड शोधावं म्हणजे ‘कुठेही’ या शब्दाचा अर्थ कळतो. भिंती सिमेंटच्या, खिडक्या अ‍ॅल्युमिनियमच्या, बाथरूमचं दार प्लास्टिकचं, टेबल भुशाच्या फळीचं. चिकटण्यालायक जागा निघाल्या चार : लोखंडी कपाट, फ्रिजची कूस, खिडकीची जाळी आणि बाहेरचं सेफ्टी डोअर. स्वयंपाकघरात तर भलतंच झालं. मांडणी स्टीलची, तिथे तरी चिकटेल म्हणून लावला, तर घसरून थेट कणकेच्या परातीत. चांगल्या स्टेनलेस स्टीलमध्ये अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल असतं, आणि त्या निकेलमुळे चुंबक त्याला धरत नाही. हे समजल्यावर आमच्या सौ.नी कंदील हातात घेतला आणि लग्नापासून आहेर आलेल्या यच्चयावत भांड्यांना लावून पाहिला. कुणाकडचा डबा चिकटला आणि कुणाकडचा नाही हे मी इथे लिहीत नाही. पण दिवाळीच्या फराळाच्या ताटांत यंदा त्याचं प्रतिबिंब पडलं. प्रकाशापेक्षा अधिक उजेड या कंदिलाने पाडला तो असा.

एक सूचना बँकवाला म्हणून. काही बँकांच्या पासबुकांना मागे काळी चुंबकीय पट्टी असते. असलं पासबुक आणि असला कंदील एका खणात ठेवू नये. एटीएमची कार्डं रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने २०१८च्या अखेरीपर्यंत चिपवर गेली, त्यांची तेवढी भीती नाही. बाकी पासबुक छापून येत नाही म्हणून काउंटरवर आमच्याशी भांडायला येण्यापूर्वी घरचा खण पाहावा, एवढीच विनंती.

कॅम्पिंगची बाजूही अन्यायाने सोडायची नाही. आमच्या शाखेतल्या तरुण मंडळींनी केळव्याला समुद्राकाठी एक रात्र तंबूत काढायचं ठरवलं आणि ज्येष्ठ म्हणून मलाही नेलं. विरारच्या पुढे वैतरणा, सफाळे आणि मग केळवे रोड. हिमालयाच्या मानाने सोयीचं. तिथे कळलं ते असं की, तंबूत चुंबकाला कामच नाही. तंबू कापडाचा, त्याच्या काठ्या फायबरच्या. ज्या प्राण्यासाठी हा कंदील बनवला त्याच्याच घरात तो चिकटत नाही! आकड्यावर टांगला तर भर मध्यावर लोंबतो आणि वाकून आत येणाऱ्या प्रत्येकाच्या कपाळाला लागतो.

इथे माझ्या नोकरीचा उपयोग झाला. आपलं एक आणि दोन रुपयांचं हल्लीचं नाणं ज्या स्टीलचं असतं त्यात निकेल नसतं, म्हणून ते चुंबकाला चिकटतं. पाचाचं नवं नाणं पितळी, दहाचं दोन धातूंचं. ती चिकटत नाहीत. मी खिशातून दोनाची तीन नाणी काढली, तंबूच्या बाहेरून कापडाला लावली, आतून कंदील लावला. कापड मध्ये धरून कंदील रात्रभर राहिला. गिऱ्हाइकं जी सुटी नाणी घ्यायला नाक मुरडतात त्यांचा असा सन्मान झालेला पाहून हेडकॅशियरना गहिवरून आलं. सकाळी मात्र कंदील वाळूत ठेवला गेला आणि उचलला तेव्हा त्याच्या बुडाला बारीक काळी दाढी आली होती. आपल्या किनाऱ्याच्या वाळूत काळ्या दगडातून आलेले लोहखनिजाचे कण असतात. ते चुंबकाला असे बिलगतात की फुंकरीने जात नाहीत, पाण्याने जात नाहीत. शेवटी चिकटपट्टी लावून ओरबाडून काढावे लागले. पेटीवरच्या तरुणाची दाढीही अशीच आली असावी.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. आमचे अण्णा ब्याऐंशी वर्षांचे आहेत. पलंगापासून बाथरूमपर्यंत अकरा पावलं आहेत. मी मोजली आहेत. मागल्या पावसाळ्यात रात्री लाईट गेले असताना अण्णा बाथरूमच्या उंबऱ्याशी पडले. हाड मोडलं नाही, मनगट सुजलं. आम्हाला हाक का मारली नाही, विचारलं, तर म्हणाले, “तुला सकाळी लोकल पकडायची असते.” पन्नास वर्षं ज्या माणसाने घरातल्या सगळ्यांना उठवलं त्याला आता कुणाला उठवायचा संकोच वाटतो, यावर काय बोलणार?

उपाय सगळ्यांनी सुचवले. शेजारच्या मावशी म्हणाल्या, इन्व्हर्टर घ्या. आहे तो ब्लॉक इन्व्हर्टरला द्यावा लागेल आणि आम्ही गॅलरीत राहू. चिरंजीव म्हणाले, मोबाइलचा टॉर्च आहे की! अण्णांच्या एका हातात काठी असते, दुसरा भिंतीवर असतो. तिसरा हात कुठल्याही मोबाइलबरोबर येत नाही. प्लगमध्ये खोचायचा रात्रीचा दिवा लाईटबरोबरच जातो, म्हणजे नेमका हवा तेव्हा. जुलै २०१८च्या पुरात नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली होते, किंवा १२ ऑक्टोबर २०२०ला ग्रिड कोलमडून सगळ्या मुंबई परिसराची वीज गेली, असल्या मोठ्या दिवसांची गोष्ट वेगळी. तेव्हा सगळेच जागे असतात. धोका असतो तो रात्री पावणेदोनला वीस मिनिटं जाणाऱ्या विजेचा. तिची बातमी होत नाही.

तेव्हा कंदिलाची खरी परीक्षा तळ्याकाठी नाही, या अकरा पावलांत आहे. आणि तिथे त्याचा मोठा दोष उघडा पडला. बटण दाबलं की तो पहिल्यांदा पूर्ण ताकदीने पेटतो. झोपेतून उठलेल्या, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्यांवर हा भडका म्हणजे चपराकच. डोळ्याला अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि ती घालवायला एक सेकंद पुरतो. दुसऱ्यांदा दाबलं की मध्यम, तिसऱ्यांदा मंद. बंद करायचा तर चौथा टप्पा ओलांडावा लागतो. तो म्हणजे तीन लहान, तीन लांब, तीन लहान उघडझाप : बुडत्या जहाजाचा संदेश. एकदा हा संदेश आमच्या खिडकीतून समोरच्या बिल्डिंगने पाहिला आणि तिथल्या जोशाळू मंडळींनी रात्री फोन करून सगळं ठीक आहे ना, विचारलं. ठीक होतं, आम्ही फक्त दिवा मालवत होतो.

यावर तोडगा सौ.चा. रात्री दहाला तीच कंदील मंदावर लावते आणि सकाळी उठल्यावर बंद करते. मध्ये बटणाला कुणी हात लावायचा नाही. मंद उजेड म्हणजे दीड-दोन मेणबत्त्यांइतका, थोडा पिवळसर; वाचता येत नाही पण उंबरा दिसतो, आणि लाईट गेले-आले तरी त्याला पत्ता नसतो. अशा चार रात्री एका भरणीत निघतात. बुधवारी आणि रविवारी सकाळी भरायचा, हे काम चिरंजीवांच्या नावावर आहे आणि कॅलेंडरवर दुधाच्या शेजारी त्याची खूण होते.

राहिला प्रश्न चिकटवायचा. बाथरूमच्या आसपास लोखंड नाही हे आधी लिहिलंच. लोखंडी कपाट चौथ्या पावलावर. तिथून उजेड पाठीमागून येतो आणि अण्णांच्या सावलीनेच उंबरा झाकतो. शेवटी हार्डवेअरच्या दुकानातून वीतभर लोखंडी पट्टी आणली, वीस रुपये, आणि दोन स्क्रूंनी दाराशेजारी गुडघ्याइतक्या उंचीवर मारली. तिथे कंदील बसला तो बसला. आता उजेड नेमका पायांवर पडतो, डोळ्यांत जात नाही. आठशे नव्याण्णवच्या वस्तूला वीस रुपयांच्या पट्टीने अर्थ आला. कंपनीला पेटीत दाढीवाल्याच्या चित्राऐवजी ही पट्टी घालायला काय झालं होतं?

आणखी एक तक्रार नोंदवून ठेवतो. कंदिलाला कुठेही स्क्रू नाही. असल्या सेलची भरणी-उपसणी तीनशे ते पाचशे वेळा झाली की त्याची ताकद जाणवण्याइतकी उतरते. आठवड्याला दोनदा या हिशेबाने तीन ते पाच वर्षं. घसारा काढला तर वर्षाला सव्वादोनशेच्या आसपास, परवडतं. पण सेल थकला की धडधाकट दिवा, आकडा, चुंबक सगळंच टाकायचं, हे पटत नाही. आमच्या आजीच्या रॉकेलच्या कंदिलाची काच निराळी मिळे, वात निराळी मिळे, आणि काच राखेने पुसायचं काम आम्हा पोरांकडे असल्यामुळे ती वारंवार निराळी आणावीही लागे. तरी कंदील तोच राही.

तर असा हा कंदील. तंबूसाठी घेणार असाल तर बरोबर दोनाची सुटी नाणी ठेवा. वाचायला घेणार असाल तर अग्रलेख आधी उरका. घरात म्हातारं माणूस असेल तर पेटीवरचं काही न वाचता घ्या, पण मंद आणि पिवळा उजेड आहे की नाही, हे दुकानात डोळ्यांनी पाहून.

अण्णांना परवा विचारलं, कसा वाटतो कंदील? म्हणाले, “कुठला कंदील?” रात्री तीनदा त्याच्या उजेडात जाऊन येतात. शेजारच्या मावशींनी काल तो पाहिला आणि त्यांच्या आईसाठी हवा म्हणाल्या. मी त्यांना दुकानाचा पत्ता दिला. आधी हार्डवेअरवाल्याचा, मग कंदीलवाल्याचा.