मेथड की मेथडॉलॉजी? तिसऱ्या प्रकरणाची गडबड

ग्रंथालयात सामाजिक शास्त्रांतले चार-पाच प्रबंध काढून तिसरं प्रकरण बघा. शीर्षक बहुधा 'रिसर्च मेथडॉलॉजी'. आत काय? सर्वेक्षण पद्धत, नमुना 100, साधन प्रश्नावली, शेवटी टक्केवारी. संपलं प्रकरण! माझ्या मते ही मेथडॉलॉजी नव्हेच, ही मेथडची यादी आहे.

माहिती कशी गोळा केली, तिचं विश्लेषण कसं केलं, ही झाली मेथड. हाच मार्ग का घेतला, दुसरा का सोडला आणि यातून मिळालेल्या उत्तरावर कितपत विसंबायचं, हा विचार म्हणजे मेथडॉलॉजी. मराठीत त्यासाठी पद्धत आणि पद्धतिशास्त्र असे दोन शब्द आहेत. पण आपण दोन्हींना सरसकट 'संशोधन पद्धती' म्हणतो आणि फरक तिथेच पुसला जातो. सी. आर. कोठारींच्या पुस्तकात हा फरक पहिल्याच प्रकरणात सांगितलाय; आपण तो परीक्षेपुरता वाचतो.

याने बिघडतं काय? समजा, तुम्ही बीडमधल्या ऊसतोड कामगारांवर काम करताय. तिथे नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता' धरतात आणि मुकादमाकडची उचल सहसा नवऱ्याच्या हाती पडते. तुम्ही प्रत्येक कोयत्यामागे एक प्रश्नावली भरून घेतली, तर उत्तरं बहुतेक पुरुषांचीच येणार. नमुना 100 चा 500 केलात तरी बाई गायबच! मेथड चोख, पण मोजायचं एकक कोणतं आणि बोलतंय कोण, हे विचारलंच नाही. तो प्रश्न मेथडॉलॉजीचा. तो आधी पडला असता, तर बाईशी वेगळं, मुकादम आसपास नसताना बोलायचं हे तुम्हीच ठरवलं असतं.

म्हणून 'मेथडॉलॉजी' हा मेथडचा भारदस्त अवतार समजू नका. विज्ञानातले अनेक शोधनिबंध सरळ 'मटेरियल्स अँड मेथड्स' असं शीर्षक देतात, त्यात काही कमीपणा नाही. फक्त कृती सांगायची असेल, तर तुम्हीही तसंच करा.

आता एक काम करा. आपल्या आराखड्यातल्या प्रत्येक निर्णयापुढे पेन्सिलीने 'का?' लिहा. 'आधीच्या प्रबंधात होतं म्हणून' एवढंच उत्तर येत असेल, तर तिथे थांबा. व्हायव्हात बोट नेमकं तिथेच ठेवलं जातं.